उलटा क्रूस कुणाचा? संत पेत्राचा की सैतानाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भयपटात रात्री भिंतीवरचा क्रूस आपोआप फिरून उलटा होतो आणि प्रेक्षक समजून जातात, घरात काहीतरी शिरलंय. तोच उलटा क्रूस पोपच्या खुर्चीवर दिसला, की व्हॉट्सॲपवर ‘पाहा पुरावा’ म्हणून फोटो फिरू लागतो. भयपट आणि पोप यांचं चिन्ह एकच कसं, असा प्रश्न ख्रिस्ती घरांतली मुलं विचारतात, बिगरख्रिस्ती वाचकही विचारतात. त्या प्रश्नाला फुटलेले फाटे आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

उलटा क्रूस म्हणजे नेमका कोणता?

आपण नेहमी पाहतो तो लॅटिन क्रूस. त्याचा उभा दांडा लांब असतो आणि आडवा दांडा वरच्या बाजूला असतो. तो डोकं खाली करून धरला की आडवा दांडा तळाकडे येतो आणि लांब भाग वर जातो. ख्रिस्ती परंपरेत या आकृतीला ‘संत पेत्राचा क्रूस’ म्हणतात. हा क्रूस साधा, मोकळा असतो. त्यावर येशूची मूर्ती नसते. मूर्ती असणं-नसणं हा बारीक मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

तो मुळात सैतानाचा नाही?

नाही. येशूचा शिष्य पेत्र उलटा खिळला गेल्याची कथा दुसऱ्या शतकापासून लिहिलेली सापडते. सैतानाशी या चिन्हाचं नातं एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जुळू लागलं आणि विसाव्या शतकात ते घट्ट झालं. म्हणजे सोळा-सतरा शतकं हे चिन्ह एका हुतात्म्याचं होतं.

पेत्राला खरंच उलटं खिळलं होतं का? बायबलमध्ये तसं लिहिलंय?

बायबलमध्ये नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला सांगतो, की तू म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील, दुसरा कुणीतरी तुझी कंबर बांधेल आणि तुला नको असेल तिथे नेईल. पेत्र कोणत्या मरणाने देवाचा गौरव करील हे त्यातून सुचवलं, असा खुलासाही शुभवर्तमानकाराने लगेच केला आहे. हात पसरण्यावरून वधस्तंभाकडे बोट दाखवता येतं, पण डोकं वर की खाली याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

पहिल्या शतकाच्या शेवटी रोममधून करिंथच्या मंडळीला गेलेल्या पत्रात, जे क्लेमेंटच्या नावाने ओळखलं जातं, पेत्राने पुष्कळ सोसलं आणि तो गौरवाच्या जागी गेला एवढंच आहे. इ. स. २०० च्या आसपास लिहिणारा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन एक पाऊल पुढे जातो. पेत्राला रोममध्ये प्रभूसारखं मरण आलं, असं तो म्हणतो. उलटेपणाचा उल्लेख त्याच्याकडेही नाही.

उलटा पेत्र भेटतो तो ‘पेत्राची कृत्ये’ या ग्रंथात. हा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला ग्रीक ग्रंथ बायबलमध्ये कधी सामील झाला नाही. त्याचा शेवटचा, हौतात्म्याचा भाग ग्रीकमध्ये टिकला. बाकीचा बराचसा मजकूर इटलीतल्या व्हेर्चेल्ली गावी जपलेल्या एका लॅटिन हस्तलिखितामुळे आपल्या हाती आला. त्यात पेत्र मारेकऱ्यांना स्वतःच विनंती करतो, की मला डोकं खाली करून खिळा.

हा ग्रंथ किती विश्वासाचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यात एक कुत्रा माणसासारखा बोलतो. खिडकीत टांगलेला खारवलेला मासा पेत्र पाण्यात सोडतो आणि तो पोहायला लागतो. शिमोन नावाचा जादूगार रोमवरून उडतो आणि पेत्राच्या प्रार्थनेने खाली आपटून त्याचा पाय मोडतो. पेत्राला मारण्याचं कारणही रोमन सम्राट नेरॉनचं (नीरोचं) राजकारण नाही. पेत्राचा उपदेश ऐकून नगरप्रमुख अग्रिप्पाच्या चार रखेल्यांनी त्याची शेज नाकारली आणि तो चिडला, असं ग्रंथ सांगतो. इतिहासकार या पुस्तकाकडे हात राखून पाहतात ते यामुळेच. पेत्र रोममध्ये, नेरॉनच्या काळात, म्हणजे साधारण इ. स. ६४ ते ६८ दरम्यान मारला गेला, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. तो उलटा खिळला गेला का, याबाबत परंपरा आहे. समकालीन साक्ष नाही.

‘प्रभूसारखं मरण यायची माझी लायकी नाही’ म्हणून त्याने उलटं मागितलं ना?

सगळ्यांना ठाऊक असलेलं कारण हेच. धर्मशिक्षणाच्या वर्गातही हेच सांगतात. पण ते पहिलं कारण नाही.

‘पेत्राची कृत्ये’मध्ये पेत्र उलटा लटकल्यावर लांबलचक भाषण करतो आणि त्यात नम्रतेचा मागमूसही नाही. तो आदिमानवाबद्दल बोलतो. पहिला माणूस या जगात डोक्यावर पडला आणि तेव्हापासून माणसाला सगळंच उलटं दिसायला लागलं. उजवं डावं वाटलं, सुंदर नव्हतं ते सुंदर वाटलं, वाईट होतं ते चांगलं वाटलं. मी असा टांगलोय तो त्या पतनाचं चित्र म्हणून. उजव्याचं डावं आणि वरचं खालचं केल्याशिवाय तुम्हाला राज्य कळणार नाही, असं तो सांगतो. जग उलटं टांगलेलं असेल तर ते सरळ बघायला स्वतः उलटं व्हायला हवं, हा त्या भाषणाचा गाभा. आपल्याकडच्या संतांच्या कूट रचना ज्यांच्या कानावरून गेल्या आहेत त्यांना ही रीत परकी वाटू नये.

नंतर तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन येतो. त्याचं म्हणणं युसेबियस या इतिहासकाराने चौथ्या शतकातल्या आपल्या मंडळीच्या इतिहासात नोंदवलं आहे. पेत्राला डोकं खाली करून खिळलं, कारण त्याने तशी मागणी केली होती. त्या मागणीमागचं कारण? ओरिगेन गप्प.

चौथ्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित जेरोम लिहितो, की आपल्या प्रभूप्रमाणे खिळलं जाण्यास मी अपात्र आहे, असं पेत्राचं म्हणणं होतं. हेच वाक्य लोकांच्या मनात बसलं. तेराव्या शतकात संतचरित्रांचे संग्रह युरोपभर वाचले जाऊ लागले तेव्हा तर दुसरं कोणतं कारण कुणाला आठवेनासं झालं. माझ्या मते जेरोमची आवृत्ती जिंकली, कारण ती पेत्राच्या स्वभावाला शोभते. कोंबडा आरवायच्या आत ज्याने तीनदा गुरूला नाकारलं, त्याला शेवटी गुरूच्या बरोबरीने उभं राहणं जड जावं, हे कुणालाही पटतं. आदिमानवाचं तत्त्वज्ञान त्यापुढे कोरडं पडलं. सांगायचं एवढंच, की खुद्द ख्रिस्तसभेतही या चिन्हाचा अर्थ पहिल्या दिवसापासून एकच नव्हता.

रोमन लोक खरोखर माणसांना उलटं खिळत असत का?

हो, आणि याला ख्रिस्ती नसलेल्यांची साक्ष आहे. तत्त्वज्ञ सेनेका नेरॉनचा शिक्षक होता. त्याने मार्सिया नावाच्या स्त्रीला लिहिलेल्या सांत्वनपर लेखात म्हटलं आहे, की मला इथे एकाच प्रकारचे वधस्तंभ दिसत नाहीत, निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे बनवलेत. काही जण माणसाचं डोकं जमिनीकडे करून टांगतात. हा लेख पेत्राच्या मृत्यूच्या वीसेक वर्षं आधीचा. ज्यू इतिहासकार जोसेफसने इ. स. ७० च्या जेरुसलेमच्या वेढ्याबद्दल लिहिलं आहे. रोमन सैनिक रागाने आणि थट्टेने पकडलेल्यांना वेगवेगळ्या स्थितींत खिळत होते, आणि खिळण्याजोगी माणसं इतकी की जागा पुरेना, स्तंभ पुरेनात.

म्हणजे वधस्तंभाची एक ठरलेली सरकारी पद्धत नव्हती. मारेकऱ्याच्या लहरीवर बरंच काही होतं. रोमन इतिहासकार ताकितुसने इ. स. ६४ च्या रोममधल्या आगीनंतरचा ख्रिस्ती लोकांचा छळ वर्णिला आहे. काहींना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, काहींना खिळलं, काहींना रात्री नेरॉनच्या बागेत मशालीसारखं जाळलं. त्यात पेत्राचं नाव नाही. पण जिथे मरणाचाही तमाशा होत होता, तिथे एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला उलटं टांगलं असेल, यात अशक्य असं काही नाही. मागणी पेत्राची होती की क्रूर थट्टा शिपायांची होती, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही.

हे घडलं ती जागा आज दाखवतात का?

दोन जागा दाखवतात, आणि दोन्हींचे भक्त आहेत.

एक व्हॅटिकनची टेकडी. तिथे सम्राट कालिगुलाने बांधायला घेतलेलं आणि नेरॉनने वापरलेलं रथांचं मैदान होतं. मैदानाच्या मधोमध इजिप्तहून आणलेला दगडी स्तंभ होता. आज संत पेत्राच्या चौकात उभा आहे तो हाच. १५८६ साली पोप सिक्स्तस पाचवे यांनी दोमेनिको फोंताना या अभियंत्याकडून तो तिथे हलवून घेतला. त्याआधी तो संत पेत्राच्या बॅसिलिकाच्या, म्हणजे तिथल्या भव्य चर्चच्या, दक्षिणेला होता. पेत्राचं मरण ज्याच्या साक्षीने झालं तो दगड, म्हणून भाविक त्याच्याकडे बघतात.

दुसरी जागा यानिकुलम टेकडीवर, मोंतोरिओतल्या संत पेत्राच्या चर्चच्या अंगणात. तिथे वास्तुकार ब्रामांतेने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एक छोटंसं गोल देऊळ बांधलं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असतं. त्याचा खर्च स्पेनच्या राजाराणीचा, फर्डिनांड आणि इसाबेलाचा.

पुरण्याची जागा बॅसिलिकाच्या मुख्य वेदीखाली असल्याची श्रद्धा आहे. १९३९ पासून दहा वर्षं तिथे उत्खनन झालं आणि जुनी दफनभूमी उघडी पडली. तिथे मिळालेली हाडं पेत्राची म्हणून खात्री पटावी अशा रीतीने ओळखली गेली आहेत, असं पोप पॉल सहावे यांनी १९६८ साली जाहीर केलं. त्या हाडांत पावलांची हाडं नाहीत, आणि उलट्या स्तंभावरून प्रेत उतरवताना घोट्यापासून पाय तोडले असतील, असा एक युक्तिवाद इंटरनेटवर फार लोकप्रिय आहे. युक्तिवाद चटकदार आहे. पण एवढ्या शतकांत कोणती हाडं टिकली आणि कोणती नाही यावरून मरणाची तऱ्हा ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

पोपच्या खुर्चीवर उलटा क्रूस होता तो फोटो खरा की बनावट?

खरा. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे पवित्र भूमीच्या यात्रेला गेले होते. २४ मार्चला गालील समुद्राजवळ कोराझिम इथे त्यांनी हजारो तरुणांसाठी मिस्सा (कॅथलिक उपासना) अर्पण केली. त्या वेळी ते ज्या खुर्चीवर बसले होते तिच्या पाठीवर उलटा क्रूस कोरलेला होता.

पोप हे पेत्राचे उत्तराधिकारी मानले जातात. पेत्राच्या खुर्चीवर पेत्राचं चिन्ह, एवढीच ती गोष्ट. त्यातून जागा गालीलची, जिथे पेत्र मासे पकडत होता. तरी हा फोटो ‘व्हॅटिकन सैतानाच्या ताब्यात’ अशा मथळ्याखाली वर्षानुवर्षं फिरतो आहे. फोटो पाठवणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला पेत्र कसा मेला ते विचारावं. बहुतेकांना ठाऊक असतं. फक्त दोन गोष्टी एकत्र आणून पाहिलेल्या नसतात.

मग सैतानाशी संबंध कधी आणि कुणी जोडला?

एका माणसाचं नाव घ्यायचं तर ओझेन व्हँत्रास. हा नॉर्मंडीतल्या तिली-स्यूर-सेल गावी कागदाच्या कारखान्यात मुकादम होता. १८३९ पासून आपल्याला दर्शनं होतात असं तो सांगू लागला आणि त्याच्याभोवती पंथ जमला. त्याच्या वेदीवरच्या पवित्र भाकरीतून रक्त येतं, अशा बातम्या पसरल्या. १८४३ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी पंथाचा निषेध केला. सरकारने त्याला फसवणुकीच्या आरोपाखाली तुरुंगातही टाकलं.

या व्हँत्रासच्या पूजावस्त्रांवर उलटा क्रूस असे. त्याचं म्हणणं सैतानाबद्दल मुळीच नव्हतं. दुःखाचं, वधस्तंभाचं युग संपलं आणि प्रेमाचं युग सुरू झालं, म्हणून क्रूस उलटा, अशी त्याची मांडणी. पण ज्याला धर्मसभेने पाखंडी ठरवलंय त्याच्या अंगावरचं चिन्ह कोण सहानुभूतीने वाचणार? त्याच काळात पॅरिसमध्ये एलिफास लेवी हे गूढविद्येवर लिहीत होते. एके काळी ते धर्मगुरू होण्याच्या वाटेवर होते. व्हँत्रासच्या भाकरींवर उमटलेल्या खुणा तपासून त्यांनी त्या सैतानाच्या असल्याचा निकाल दिला. या लेवींनीच १८५० च्या दशकात पाच टोकांच्या ताऱ्याचेही दोन प्रकार पाडले. एक टोक वर असलेला तो शुभ, दोन टोकं वर असलेला तो अशुभ, बोकडाच्या शिंगांसारखा. ‘उलटं म्हणजे सैतानी’ हे समीकरण पुढच्या पिढीच्या डोक्यात पक्कं व्हायला या लिखाणाने मोठी मदत केली. शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या वर्तमानपत्रांत आणि कादंबऱ्यांत काळ्या मिस्सांच्या, म्हणजे मिस्साची विटंबना करणाऱ्या विधींच्या, खमंग कहाण्या छापून येऊ लागल्या, आणि त्यांना अशी चिन्हं हवीच होती.

नंतरची मोठी उडी सिनेमाची. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या हॉलिवूडच्या भयपटांना प्रेक्षकाला एका क्षणात कळेल अशी खूण हवी होती. संवाद नको, खुलासा नको, कॅमेरा भिंतीवर गेला की काम झालं पाहिजे. उलट्या क्रूसाइतकी स्वस्त आणि झटपट खूण दुसरी नाही. सेट लावणाऱ्याला एक खिळा पुरतो. ‘झपाटलेल्या घरा’च्या सिनेमांत आज हे दृश्य इतकं ठरलेलं आहे की ते नसलं तर चुकल्यासारखं वाटावं.

त्यानंतर हेवी मेटल संगीत, आणि विशेषतः १९९० च्या सुरुवातीचं नॉर्वेतलं ब्लॅक मेटल. तिथे उलटा क्रूस हे थेट ख्रिस्ती धर्माविरुद्धचं निशाण झालं. नुसत्या अल्बमच्या मुखपृष्ठांवर भागलं नाही. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फांतोफ्त इथलं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, आणि ब्लॅक मेटलवाल्यांच्या टोळक्यातल्या काहींवर पुढे अशाच जाळपोळींचे गुन्हे सिद्ध झाले. तेव्हा ‘हे सगळं सिनेमाचं खूळ’ म्हणून हात झटकता येत नाहीत. उलट्या क्रूसाचा विरोधी अर्थ नवा असला तरी खोटा नाही. तो वापरणाऱ्यांनी तो मनापासून वापरला आहे.

सैतानपंथाचं अधिकृत चिन्ह हेच आहे का?

अँटन लाव्हे यांनी १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन केलेल्या चर्च ऑफ सेटनचं अधिकृत चिन्ह वेगळं आहे. पाच टोकांच्या उलट्या ताऱ्यात बोकडाचं तोंड आणि भोवती हिब्रू अक्षरं. त्याची वंशावळ फ्रेंच गूढवाद्यांकडे जाते. उलटा क्रूस तिथे अधूनमधून डोकावतो, पण त्यांची मोहर तो नव्हे.

माझ्या मुलाच्या टी-शर्टवर उलटा क्रूस आहे. काळजी करू का?

टी-शर्टवर बँडचं नाव वाचता न येणाऱ्या काटेरी अक्षरांत लिहिलेलं असेल तर तो मेटल ऐकतो, एवढंच नक्की. नुसता काळा टी-शर्ट आणि छोटा उलटा क्रूस असेल तर ती फॅशन. बाजारातून उचललेली, बहुधा अर्थ न विचारता. दोन्हींत भूतबाधा नाही.

तरी त्याला हे सांगायला हरकत नाही, की हा टी-शर्ट घालून आजीबरोबर मिस्साला जाऊ नकोस. आजीला जेरोम आणि ओरिगेन ठाऊक नसतात. तिला क्रूस उलटा दिसतो आणि तिच्या पोटात कालवतं, आणि ते कालवणं खरं असतं. पोरगा हुशार असेल तर ‘हा संत पेत्राचा आहे’ असं म्हणून सुटायला बघेल. बँडचं नाव काय, ते विचारा.

भिंतीवरच्या क्रूसाचा वरचा खिळा निघाला आणि तो उलटा लटकला. अपशकुन?

खिळा गंजला होता. कोकणपट्टीच्या दमट हवेत दर पावसाळ्यानंतर तपासावा. गळ्यातल्या साखळीतला किंवा जपमाळेचा क्रूस फिरून उलटा होतो त्याचंही तेच.

मग एखाद्या ख्रिस्ती माणसाने उलटा क्रूस मुद्दाम वापरला तर चालतो?

साधा, मूर्ती नसलेला, संत पेत्राच्या आठवणीने वापरला तर कॅथलिक परंपरेत त्यात दोष नाही. त्या परंपरेत तो पेत्राच्या नम्रतेची आणि हौतात्म्याची खूण आहे. प्रेषितांची चिन्हं एकत्र काढतात तिथे पेत्राच्या ढालीवर आडव्यातिडव्या दोन किल्ल्या आणि सोबत उलटा क्रूस दिसू शकतो.

येशूची मूर्ती असलेला क्रूस उलटा करणं मात्र वेगळं. तिथे उलटा होतो तो पेत्र नाही, ख्रिस्त होतो, आणि त्याला भाविक अवमानच मानतात. भयपटांत बहुतेक वेळा मूर्तीसकट क्रूस फिरवतात, म्हणून तो बघताना अंगावर काटा येतो. पेत्राचा क्रूस आणि भयपटातला क्रूस यांत डोळ्यांनी ओळखता येईल असा फरक हवा असेल तर तो हा. काळ्या टी-शर्टवरच्या मोकळ्या क्रूसाला मात्र ही कसोटी लागू पडत नाही. तिथे कुणी, कुठे, कशासाठी लावलाय, हेच बघावं लागतं.

गोव्यात, वसईत, मुंबईत उलटा क्रूस पाहायला मिळतो का?

पेत्र भरपूर मिळतो, उलटा क्रूस क्वचित. आपल्याकडच्या मूर्तींत आणि चित्रांत पेत्राची ओळख हातातल्या किल्ल्यांवरून पटते. स्वर्गराज्याच्या किल्ल्या तुला देईन, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन त्यामागे आहे. वांद्र्याला हिल रोडवर जेझुइटांचं संत पेत्राचं चर्च आहे, जुन्या गोव्याच्या वाटेवर मांडवीकाठी सांव पेद्रूचं आहे.

पेत्राचा खरा जिव्हाळा कोळीवाड्यांत. तो स्वतः मासेमार. २९ जूनला संत पेत्र आणि संत पावल यांचा सण येतो. गोव्यातल्या बार्देश तालुक्यात कांदोळी, आसगाव या भागांत त्या दिवशी होड्या एकमेकींना बांधून त्यांवर मंच उभारतात, केळीची झाडं आणि नारळाच्या झावळ्यांनी सजवतात आणि नदीतून गात-वाजवत, नाटकुल्या करत फिरतात. याला सांगोड म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे सण नेमका रिकामपणाच्या दिवसांत पडतो. भर पावसात भिजत चाललेल्या त्या सांगोडावर पेत्राच्या मरणाचा विषय फारसा निघत नाही. मासे, गावातल्या खोड्या आणि सरकारची टिंगल पुरते.

शांतीचं चिन्ह हे मोडलेला उलटा क्रूस आहे, असं ऐकलं. खरं?

नाही. वर्तुळातल्या त्या तीन रेघा ब्रिटिश चित्रकार जेराल्ड होल्टम यांनी १९५८ मध्ये अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढल्या. जहाजावर निशाणं हलवून अक्षरं दाखवतात त्या पद्धतीतलं ‘एन’ म्हणजे दोन्ही हात खाली तिरके आणि ‘डी’ म्हणजे एक हात वर, एक खाली. ‘न्यूक्लिअर डिसआर्मामेंट’ची ही दोन अक्षरं एकावर एक ठेवली की चिन्ह तयार. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या काही कडव्या मंडळींनी त्याला ‘नेरॉनचा क्रूस’ ठरवलं. नेरॉनने पेत्राला उलटं खिळलं त्याची ही खूण, असा त्यांचा दावा. ज्यांना मोर्चेकरी आवडत नव्हते त्यांना हा दावा आवडला.

आणि उलटं स्वस्तिक? हिटलरने आपलं स्वस्तिक उलटं केलं म्हणून ते अशुभ झालं ना?

ही समजूत आपल्याकडे शाळेपासून ऐकू येते आणि ती चुकीची आहे. नाझी झेंड्यावरच्या स्वस्तिकाचे हात आपल्या दारावरच्या स्वस्तिकाच्याच दिशेने वळतात. फरक एवढाच, की झेंड्यावरचं पंचेचाळीस अंशांत तिरकं उभं केलेलं होतं. ‘त्यांचं उलटं, आपलं सुलटं’ हा दिलासा सोयीचा असला तरी चित्र समोर ठेवलं की टिकत नाही.

खरोखर डावीकडे वळणारं स्वस्तिक तर पवित्र म्हणूनच वापरात आहे. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण तीच. तिबेटातल्या बोन परंपरेतही तेच. इंदूरला खजराना गणपतीच्या मंदिरामागे नवस बोलताना भाविक उलटं स्वस्तिक काढतात आणि इच्छा पूर्ण झाली की येऊन सुलटं काढतात. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेलं हे देवस्थान इंदूरच्या मराठी कुटुंबांना घरचं आहे. तिथे उलट्या स्वस्तिकाचा अर्थ ‘मागणं अजून बाकी आहे’ एवढाच.

पेत्राशिवाय आणखी कुणी उलटं टांगलं गेलं का?

प्रेषित फिलिप. त्याच्या नावाच्या एका जुन्या कथाग्रंथात त्याला हिएरापोलिस इथे उलटं टांगल्याचं वर्णन आहे. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानात पामुक्कालेला येतं. २०११ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ फ्रान्चेस्को द’आंद्रिया यांनी तिथे फिलिपची कबर सापडल्याचं जाहीर केलं. पण फिलिपच्या नावावर उलटा क्रूस चढला नाही. पेत्राने ती जागा आधीच घेतली होती.

चित्रांत हा प्रसंग कुठे पाहावा?

रोमला गेलात तर सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये कॅराव्हाज्जिओचं १६०१ चं चित्र चुकवू नका. तीन मजूर वधस्तंभ उचलताहेत आणि तिघांचेही चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. त्यातला एक खाली घुसून पाठीने ओझं रेटतो आहे. पेत्र म्हातारा, पण अंगाने अजून मजबूत. आपल्या हातातल्या खिळ्याच्या दिशेने बघणारा. देवदूत नाहीत, आकाश उघडत नाही. मजुरीचं काम चालू आहे आणि ते जड आहे, एवढंच दिसतं.

त्याहून पन्नास वर्षं जुनं मायकेलअँजेलोचं भित्तिचित्र व्हॅटिकनमधल्या पाउलिना चॅपेलमध्ये आहे. तिथला पेत्र अर्धवट उचललेल्या वधस्तंभावरून मान वळवून थेट बघणाऱ्याकडे रोखून पाहतो. हे चॅपेल पर्यटकांसाठी खुलं नसतं. नवा पोप निवडायची वेळ आली की कार्डिनल आधी इथे जमतात, प्रार्थना करतात आणि मग रांगेने सिस्टिन चॅपेलकडे मतदानाला जातात.